छातीत दुखतंय: आधी धोका ओळखा, मग कारण

छातीत दुखायला लागलं की घरात सगळ्यात आधी ‘गॅस झाला असेल’ हेच बोललं जातं. पुष्कळदा ते खरंही निघतं. छातीदुखीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ स्नायू-बरगड्यांत, अन्ननलिकेत किंवा मनावरच्या ताणात असतं. पण हृदय, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) आणि अन्ननलिका यांच्याकडून वेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच पट्ट्यात येऊन मिळतात, आणि ‘छातीत काहीतरी होतंय’ यापलीकडे मेंदूला नेमकं ठिकाण कळत नाही. त्यामुळे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या वरच्या टोकाला जळजळीसारखा जाणवू शकतो आणि अन्ननलिकेचा पेटका हुबेहूब हृदयविकारासारखा वाटू शकतो.

म्हणून घरच्या माणसाने निदान करायला बसू नये. त्याने दोनच गोष्टी ठरवायच्या: हे आत्ता, याच क्षणी धोक्याचं आहे का? आणि नसेल, तर डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं? खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की सर्वात घातक कारणं आधी बाजूला काढली जातील आणि किरकोळ कारणांचा विचार शेवटी होईल. घरोघरी बहुधा याच्या उलट होतं आणि मोलाचा वेळ त्यातच जातो.

पहिली पायरी: वेदनेकडे नंतर, माणसाकडे आधी बघा

एक मिनिट पुरतं. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर पुढचं वाचू नका, रुग्णवाहिका बोलवा.

- छातीत दडपण, आवळल्यासारखं किंवा जड वाटतंय आणि विश्रांती घेऊनही ते १०-१५ मिनिटांत ओसरत नाही
- दरदरून थंड घाम, चेहरा पांढराफटक, सोबत मळमळ किंवा उलटी
- वेदना हातात (एका किंवा दोन्ही), जबड्यात, गळ्यात किंवा पाठीत जातेय
- बसल्या जागी धाप, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर
- भोवळ, बेशुद्धी, गोंधळल्यासारखं बोलणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं
- वेदना एका क्षणात, पूर्ण जोराने सुरू झाली, विशेषतः पाठीत दोन खांद्यांच्या मधे फाटल्यासारखी
- खोकल्यातून रक्त

रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला अर्धवट बसतं करा, पाठीला आधार द्या, गुडघे किंचित वाकवून ठेवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. त्याला चालवू नका, जिना उतरवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. झटक्याच्या पहिल्या तासाभरात हृदयाची लय अचानक बिघडण्याचा धोका सर्वात मोठा असतो आणि तेव्हा विजेचा झटका देऊन लय परत आणण्याचं यंत्र जवळ असणं हाच जीव वाचण्याचा मार्ग ठरतो. खासगी गाडीत ते नसतं.

हृदयाचा झटका वाटत असेल आणि रुग्ण प्रौढ असेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम द्या. ती गिळायची नाही, चावून खायची, म्हणजे औषध लवकर रक्तात उतरतं. ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर चार. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, कुठून रक्तस्राव होत असेल किंवा वेदना पाठीत फाटल्यासारखी असेल तर मात्र देऊ नका. महाधमनीची भिंत चिरली गेली असेल तर ही गोळी रक्तस्राव वाढवते. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल तरीही देऊ नका.

जिभेखाली ठेवायची नायट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी रुग्णाला स्वतःला आधी लिहून दिलेली असेल तरच वापरा. ती बसवून द्यावी, कारण रक्तदाब झपकन उतरतो. एका गोळीनंतर पाच मिनिटांत फरक पडला नाही तर ही आणीबाणी आहे असं धरा. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (दोन्ही पुरुषांच्या लैंगिक ताठरतेसाठीची औषधं) घेतलं असेल तर नायट्रेट अजिबात नको. नायट्रेट आणि यांतलं एखादं औषध मिळून रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. हा प्रश्न संकोचाचा आहे, तरीही तो विचारायलाच हवा.

माणूस शुद्ध हरपून पडला, हाकेला उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर लगेच छातीच्या मध्यावर दाब द्यायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.

दुसरी पायरी: वेदनेला पाच प्रश्न

माणूस स्थिर असेल तरच इथपर्यंत यायचं. उत्तरं कागदावर लिहा, वेळेसकट.

*सुरुवात कशी झाली?* हृदयाच्या झटक्याची वेदना बहुधा काही मिनिटांत चढत जाते. महाधमनी चिरली, फुप्फुसातून हवा गळली किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती अचानक येते. महाधमनीच्या बाबतीत तर पहिल्याच क्षणी ती शिखरावर असते. ‘नक्की कोणत्या क्षणी सुरू झालं, तेव्हा काय करत होतात?’ याचं उत्तर चटकन आणि अचूक आलं तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

*जागा दाखवा.* शब्दांत विचारू नका, हाताने दाखवायला सांगा. एका बोटाने नेमका बिंदू दाखवणाऱ्याचं दुखणं बरगडी किंवा स्नायूचं असण्याची शक्यता वाढते. पूर्ण पंजा किंवा मूठ छातीच्या मध्यावर ठेवणाऱ्याचं हृदयाचं असण्याची. डाव्या बाजूलाच दुखलं तर हृदय, हा समज चुकीचा आहे. हृदयाची वेदना बहुतेकदा मध्यभागी असते, आणि दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात जाणारी वेदना ही नुसत्या डाव्या हातातल्या वेदनेपेक्षाही जास्त काळजीची असते.

*किती वेळ?* दोन-चार सेकंदांची सुईसारखी चमक हृदयाची असणं दुर्मीळ. श्रमाने येणारी, रक्तपुरवठा कमी पडल्याची वेदना साधारण २ ते १० मिनिटं राहते आणि थांबल्यावर ओसरते. २० मिनिटांच्या पुढे गेली तर झटक्याचा संशय धरायचा.

*कशाने वाढते?* या पाचांत सर्वात कामाचा प्रश्न हाच. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: चालल्याने किंवा जिना चढल्याने, खोल श्वास किंवा खोकल्याने, आडवं झाल्याने, आणि बोटाने दाबल्याने. श्रमाने वाढणारी वेदना हृदयाकडे बोट दाखवते. श्वासासरशी चावणारी वेदना फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाकडे. दाबल्यावर हुबेहूब तीच कळ उठली तर बरगड्यांकडे.

*सोबत काय आहे?* ताप, खोकला, आंबट पाणी, धडधड, पोटरीला सूज, अंगावर पुरळ, बोटांना मुंग्या.

तिसरी पायरी: उत्तरांवरून दिशा

हृदयाचा रक्तपुरवठा. इथे सर्वात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर. वेदनेला ‘दुखणं’ म्हणायलाही रुग्ण तयार नसतो. ‘दुखत नाही हो, नुसतं जड वाटतंय’ असं तो सांगतो आणि घरचे निर्धास्त होतात. दडपण, आवळणं, जळजळ, गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं होणं, ही सगळी वर्णनं इथे बसतात. यातली जळजळ विशेष घातक, कारण ती आम्लपित्ताच्या खात्यात जमा होते. फरक शोधायचा तो श्रमात. जेवून उठल्यावर चालायला निघालं की छातीत जळजळ येते आणि उभं राहिलं की पाच मिनिटांत जाते, असं वारंवार होत असेल तर ते आम्लपित्त मानू नका. जेवणानंतर पचनासाठी रक्ताची मागणी वाढते, त्यात चालण्याची भर पडते आणि अरुंद झालेली रक्तवाहिनी पुरी पडत नाही. चढ आणि थंड वारा यांनीही हेच होतं.

ही तक्रार नवीनच सुरू झाली असेल, पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागली असेल, किंवा बसल्या-झोपल्या जागी आली असेल, तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. रक्तवाहिनी पूर्ण बंद होण्याआधीचा टप्पा पुष्कळदा असाच असतो.

मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांच्यात छातीत फारसं न दुखताच झटका येऊ शकतो. नुसती धाप, अकारण प्रचंड थकवा, मळमळ, वरच्या पोटात अस्वस्थता, जबडा किंवा पाठ दुखणं, एवढ्यावरच भागतं. मधुमेहात वेदनेच्या नसा बोथट झालेल्या असतात. तरुण स्त्रीलाही, विशेषतः बाळंतपणानंतरच्या काळात, हृदयाच्या रक्तवाहिनीचा आतला पदर सुटून झटका येऊ शकतो. वय कमी आहे म्हणून तिची तक्रार ताणावर ढकलू नका.

महाधमनीची चीर दुर्मीळ, पण अतिशय घातक. अनेक वर्षांचा उच्च रक्तदाब, घरात कुणाला महाधमनीचा विकार, उंच-सडपातळ आणि लांब बोटांची मार्फन ठेवण (मार्फन हा जन्मजात विकार), ही पार्श्वभूमी. दोन्ही हातांत मोजलेल्या रक्तदाबाच्या वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक हा एक धागा आहे, पण तो नसतानाही चीर असू शकते. घरी मोजत बसून वेळ घालवू नका.

फुप्फुसातली गुठळी अनेकदा पायातून येते. शस्त्रक्रिया, प्लास्टर, दीर्घ आजारपणात अंथरुणावर पडून राहणं, खूप लांबचा बैठा प्रवास, गर्भारपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे, गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग, यांपैकी काही असेल आणि अचानक धाप व श्वासासरशी चावणारी वेदना आली, तर हाच संशय आधी घ्या. दोन्ही पोटऱ्यांचा घेर गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर तो डॉक्टरांना सांगा. पोटरी चोळू नका.

फुप्फुसातून हवा गळून आवरणात साठणं हे उंच, सडसडीत तरुणांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसतं. एका बाजूला अचानक चमक आणि त्यानंतर धाप. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यात थोडी हवाही महागात पडते. धाप झपाट्याने वाढतेय, गळ्याच्या शिरा फुगल्यात, रुग्ण मलूल होतोय, असं दिसलं तर हाताशी फार थोडा वेळ आहे.

न्यूमोनियात ताप, थंडी, खोकला आणि एका बाजूची श्वासासरशी उठणारी कळ एकत्र येतात. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. विश्रांतीत प्रौढाचे १२ ते २० असतात. ३० किंवा जास्त भरले तर आजार गंभीर आहे.

हृदयाच्या आवरणाची सूज ओळखायची एक चांगली खूण आहे: आडवं झालं की वेदना वाढते, पुढे वाकून बसलं की हलकी होते. ती मानेच्या मुळाशी, खांद्याच्या कडेलाही जाते. आठ-पंधरा दिवसांपूर्वी विषाणूजन्य ताप-सर्दी झालेली असणं नेहमीचं. स्वादुपिंडाच्या सुजेतही पुढे वाकल्यावर बरं वाटतं, पण ती वेदना वरच्या पोटातून थेट पाठीत जाते आणि उलट्या थांबत नाहीत.

अन्ननलिका आणि पोट. खरी आम्लपित्ताची जळजळ खालून वर चढते, जेवणानंतर किंवा वाकल्यावर-झोपल्यावर वाढते, तोंडात आंबट येतं, आणि चालण्याशी तिचा संबंध नसतो. झोपण्यापूर्वी तीन तास काही न खाणं, पलंगाची डोक्याकडची बाजू १५-२० सेंटिमीटर उचलणं (नुसत्या उशा वाढवून पोट दुमडतं, फायदा होत नाही) आणि डाव्या कुशीवर झोपणं यांनी फरक पडतो. गिळताना अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करा. डॉक्सिसायक्लिन किंवा हाडांसाठीची ॲलेंड्रोनेट गोळी घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत चिकटून व्रण पाडते आणि गिळताना नेमक्या जागी टोचतं. अशी गोळी पूर्ण पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि निदान अर्धा तास ताठ बसा. जोराच्या उलट्यांनंतर छातीत असह्य वेदना सुरू झाली तर अन्ननलिका फाटलेली असू शकते. ‘आधी उलटी, मग वेदना’ हा क्रम डॉक्टरांना आवर्जून सांगा. तेलकट-तुपकट जेवणानंतर उजवीकडे बरगडीखाली सलग दुखून उजव्या खांद्यामागे जात असेल तर पित्ताशयातल्या खड्यांची तपासणी करून घ्या.

बरगड्या आणि स्नायू. बरगडीचा कूर्चा (टोकाचा मऊ, लवचीक भाग) छातीच्या मधल्या हाडाला मिळतो तिथे, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी, सूज येते. बोटाने दाबलं की तीच कळ, कूस बदलली की कळ. हे आठवडेच्या आठवडे चालतं आणि त्यामुळे माणूस घाबरतो, पण शेक, पॅरासिटामॉल आणि जड उचलणं टाळणं यांवर बरं होतं. हाडं ठिसूळ झालेल्यांत नुसत्या खोकल्याच्या उबळीने बरगडी तडकू शकते. किशोरवयात डाव्या स्तनाग्राजवळ काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं टिकणारी, श्वास रोखायला लावणारी चमक निरुपद्रवी असते. मात्र खेळताना, धावताना छातीत दुखून शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मुलाला मैदानावर सोडू नका.

नागीण पुरळाआधी दोन-तीन दिवस नुसती आग म्हणून येते: छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी, कपड्याचा स्पर्शही नको वाटणारी. त्वचा रोज बघा. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर ते चांगलं काम करतं.

भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो. सोबत धडधड, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, आता मरणार अशी भावना. ही वेदना खरी असते, ‘मनाचे खेळ’ म्हणून ती झटकणं अन्याय आहे. पण पहिल्याच वेळी, त्यातही चाळिशीनंतर, हे निदान घरी ठरवायचं नाही. हृदय तपासून झाल्यावरच ते करता येतं.

हे पुरावे मानू नका

ढेकर आली आणि बरं वाटलं, आम्लविरोधी औषधाने आराम पडला, म्हणजे हृदय नाही असं सिद्ध होत नाही. हृदयाची वेदना येते-जाते, आणि औषध घेण्याच्या सुमारास ती आपोआपही ओसरू शकते. उलट नायट्रेटने थांबली म्हणून ती हृदयाचीच असंही नाही, कारण ते औषध अन्ननलिकेचा पेटकाही सैल करतं. दाबल्यावर दुखलं तर हृदयाची शक्यता कमी होते, संपत नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ दिसला, रक्तदाब उत्तम आला, गेल्या महिन्यातला ईसीजी चांगला होता: यांतल्या कशानेही आजचा झटका नाकारता येत नाही.

रुग्णालयात काय व्हायला हवं

पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरांनी तो वाचलेला असावा. रांगेत बसवलं तर ‘छातीत दुखतंय’ हे मोठ्याने आणि आधी सांगा. पहिला ईसीजी सामान्य आला तरी झटका नाकारला जात नाही. दुखत असेल तर तो १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढतात, आणि हृदयाच्या मागच्या भिंतीचा संशय असेल तर पाठीवरही तारा लावतात. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर काही तासांनी वाढते, म्हणून ती एकदा करून पुरत नाही. अतिसंवेदनशील चाचणी १ ते ३ तासांनी, जुन्या पद्धतीची सुमारे ६ तासांनी पुन्हा करतात. पहिला अहवाल हाती येताच ‘नॉर्मल आहे, घरी जाऊ’ म्हणून रुग्णाला उठवून नेणं ही नातेवाइकांकडून होणारी मोठी चूक.

रक्तवाहिनी पूर्ण बंद असल्याचं ईसीजीत दिसलं तर सोय असलेल्या रुग्णालयात ९० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टीने ती उघडायचा प्रयत्न असतो. दोन तासांत तशा ठिकाणी पोचता येत नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात द्यायचं, निदानापासून साधारण अर्ध्या तासात. ते झटक्याच्या पहिल्या १२ तासांत देतात आणि पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक उपयोगी पडतं. ‘इथे नको, मोठ्या ठिकाणीच नेऊ’ हा आग्रह धरण्याआधी डॉक्टरांना विचारा: तिथे पोचून रक्तवाहिनी उघडेपर्यंत एकूण किती मिनिटं लागतील?

सोबत नेलेल्या कागदावर एवढं असू द्या: वेदना सुरू झाल्याची घड्याळातली वेळ, रोजच्या औषधांची नावं (रक्त पातळ करणारी ठळक), दिलेल्या ॲस्पिरिनची मात्रा आणि वेळ, ॲलर्जी, जुने ईसीजी. जुना ईसीजी नव्याशेजारी ठेवला की एरवी न कळणारा बदल दिसून येतो. कोकेनसारखं किंवा दुसरं उत्तेजक घेतलं असेल तर तरुणांनी ते स्पष्ट सांगावं. त्याने निरोगी रक्तवाहिनीही आकसते, आणि उपचारातलं नेहमीचं एखादं औषध टाळावं लागू शकतं.

सगळ्या तपासण्या ठीक आल्या आणि घरी सोडलं, तर निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या: श्रमाची चाचणी किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करायचा का आणि किती दिवसांत, आणि सध्याची कोणती औषधं चालू ठेवायची. त्या दिवसांत वेदना पुन्हा आली, तर आधीचे अहवाल चांगले होते हे मनात न आणता पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.